चौथ्या बोअरआधी विहिरीत डोकावू या

(ॲमस्टलवेन येथे चातुर्मासातील रविवारच्या भजनानंतर झालेल्या भाषणाचा मजकूर. मागील अंकातील ‘गावासाठी पाणी’ या निधीच्या आवाहनाशी त्याचा संबंध असल्याने विश्वस्तांच्या इच्छेवरून येथे देत आहोत.)



आरती झाली आहे, प्रसादाची पातेली मागे झाकून ठेवली आहेत आणि मुलांचे लक्ष तिकडे आहे हे मला दिसते. फार वेळ घेणार नाही.

मागच्या अंकातले आवाहन आपण वाचले असेल. जालना जिल्ह्यातले एक गाव, आपल्यातल्या काही कुटुंबांचे मूळ गाव. तिथे देवळाशेजारी पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घ्यायचा आहे. आधीचे तीन आटले, म्हणून हा चौथा, आणि तो पाचशे फुटांचा. निम्म्याहून जास्त वर्गणी जमली आहे. मीही दिली. आणि दिल्यावर रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी विश्वस्तांना फोन करून म्हटले, पैसे पाठवण्याआधी मला अर्धा तास बोलू द्या. त्यांनी लगेच होकार दिला, त्यांचे आभार.

झोप न लागण्याचे कारण असे की हे पुण्यकर्म मी एकदा करून बसले आहे. २००४ साली माझी आई गेली. तिच्या वर्षश्राद्धाला माहेरच्या गावी मी बोअर दिला. तीनशे फूट खोल, पाण्यातली मोटर, सिमेंटचा कट्टा, आणि कट्ट्यावर ‘मातोश्रींच्या स्मरणार्थ’ अशी संगमरवरी पाटी. पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली, पाणी लागले, बायकांनी हळदकुंकू वाहिले. पहिली दोन वर्षे मी भेटेल त्याला त्या बोअरची गोष्ट सांगत होते. तिसऱ्या उन्हाळ्यात भावाचा फोन आला, देवळामागचा आड आटला. आमच्या आजीच्या आठवणीतही तो कधी आटला नव्हता. बोअर आणि आड यांच्यात अंतर साठ पावलांचे. पाचव्या वर्षी बोअरही माघातच गुळण्या टाकू लागला. आज तिथे पाटी तेवढी आहे आणि गाव टँकरची वाट बघते. मी गावाला पाणी दिले असे समजत होते. प्रत्यक्षात गावाच्याच आडातले पाणी मी दुसऱ्या भोकातून काढून दिले होते.

हे मला तेव्हा कळले नाही. एम.बी.बी.एस.ला माणसाच्या शरीरातले पाणी शिकवतात, जमिनीतले नाही. ते कळले इथे आल्यावर, मुलीकडे राहताना.

इथे आपण नळाखाली पेला धरतो आणि पितो. उकळत नाही, फडक्याने गाळत नाही. पाण्याला टीसीएल पावडरचा वास नाही, कारण ॲमस्टरडॅमने पाण्यात क्लोरीन घालणे १९८३ सालीच बंद केले. ज्या बाईने प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना गावोगाव नळाच्या पाण्याची ओ.टी. टेस्ट करून पिवळा रंग आला का पाहिले, तिच्या घशाखाली हे सहज उतरेना. जावयांना विचारले, हे पाणी येते कुठून? ते म्हणाले, चला दाखवतो. हार्लेमच्या पलीकडे, फोगेलनझांगजवळ, समुद्रालगतच्या वाळूच्या टेकड्यांत घेऊन गेले. ठिपक्यांची हरणे फिरतात, लोक चालायला येतात, आणि मधूनमधून सरळ रेषेत खणलेले पाण्याचे चर. तोच ॲमस्टरडॅमचा पाणवठा.

या शहराला चहूकडे पाणी, पण पिण्याजोगे नाही. कालव्यात सांडपाणी जाई, उथळ विहिरी खारट. लोक पावसाचे पाणी साठवत आणि होडीतून आलेले विकत घेत. कॉलऱ्याच्या साथी येत. तेव्हा याकोब फान लेनेप नावाच्या एका लेखकाने पुढाकार घेतला, इंग्लंडमधून भांडवल आणले, वाळूच्या टेकड्यांतले पाणी नळाने शहराच्या वेशीपर्यंत आणले. डिसेंबर १८५३ मध्ये ते एका सेंटला एक बादली असे विकायला सुरुवात झाली. लेखक मंडळी अधूनमधून कामालाही येतात! पुढे १८६६ च्या कॉलऱ्यात या लहानशा देशात सुमारे वीस हजार माणसे गेली, आणि शुद्ध पाणी ही चैन नसून गरज आहे हे सरकारला पटले.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या वाळूखाली नदी नाही, तळेही नाही. आपल्याकडे ‘खाली पाताळगंगा वाहते’ असे म्हणतात, त्यामुळे मनात चित्र नदीचे असते. प्रत्यक्षात वाळूच्या कणाकणांमधल्या फटीत पावसाचे पाणी भरून राहिलेले असते, पाकात भिजलेल्या बुंदीच्या लाडवासारखे. ते वाहते, पण दिवसभरात जेमतेम हात-दोन हात. किती वेगाने वाहील हे दोन गोष्टींवर ठरते: पातळीचा उतार किती आणि कणांमधून वाट किती मोकळी. दार्सी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने हा नियम १८५६ साली मांडला आणि तो आजही तसाच वापरतात.

शिवाय हे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. खारे पाणी थोडे जड, एवढाच फरक. पण त्या एवढ्याशा फरकाने विलक्षण हिशोब होतो. समुद्राच्या पातळीवर एक मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी टिकते. उलट, वरची पातळी उपसून एक मीटर खाली नेलीत, की खालून खारे पाणी हळूहळू चाळीस मीटर वर यायला निघते. बाडोन खायबेन नावाच्या डच लष्करी अभियंत्याने हे १८८८-८९ च्या सुमारास लिहून ठेवले होते.

लिहून ठेवले म्हणून माणूस ऐकतो असे नाही, हे मी मधुमेहाच्या रुग्णांकडे पाहून सांगू शकते. शहर वाढले, पाणी कमी पडू लागले, आणि यांनीही तेच केले जे आपण करतो. १९०३ पासून खोल विहिरी घेतल्या. खाली भरपूर गोडे पाणी सापडले, सगळे खूश झाले. पेनिंक नावाच्या त्यांच्याच अभियंत्याने काचेच्या पेटीत वाळू भरून, उपसा केला की खारे पाणी खालून कसे वर चढते ते दाखवले. उपसा चालूच राहिला. विहिरींना खारट पाणी लागू लागले. शेवटी १९५७ पासून यांनी ऱ्हाईन नदीचे पाणी प्राथमिक शुद्ध करून, लांबवरून नळाने आणून त्या टेकड्यांत सोडायला सुरुवात केली. म्हणजे आधी भरायचे, मग काढायचे. मी पाहिलेले चर ते हेच. एका चरात सोडलेले पाणी वाळूतून झिरपत दुसऱ्या बाजूला निघायला दोन-तीन महिने लागतात.

हे दोन-तीन महिने म्हणजेच औषध. माणसाच्या आतड्यातले बहुतेक रोगजंतू जमिनीखालच्या थंड अंधारात दोन महिने तग धरत नाहीत. काही वाळूला चिकटून राहतात, काही उपाशी मरतात, काहींना दुसरे सूक्ष्म जीव खातात. म्हणून या देशात पिण्याच्या विहिरीभोवती साठ दिवसांची हद्द आखतात. ज्या जागेवरून पाणी साठ दिवसांच्या आत विहिरीत पोचेल, तिथे दुसरे काही करायचे नाही. त्याबाहेर पंचवीस वर्षांची हद्द असते, तिथे रसायने आणि खते यांच्यावर निर्बंध. हद्द फुटांत वा मीटरमध्ये न ठरवता दिवसांत ठरवली, हे मला फार आवडले. वाळूतून गेल्यावर पुढे आणखी प्रक्रिया होतातच, पण निम्मे काम मातीने केलेले असते.

आता आपल्या जालन्याकडे येऊ. पावसाच्या नावाने आपण रडतो, पण जालन्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि या चिखलाच्या देशात आठशेच्या आसपास. फरक फार नाही. आपला चार महिन्यांत पडतो आणि यांचा बारा महिने पिरपिरतो, हा एक फरक. खरा फरक जमिनीचा.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणतात तो झिजलेला खडक, आणि त्याखाली अखंड काळा दगड. पाणी राहते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. अखंड दगड म्हणजे पाट्या-वरवंटा. त्यात पाणी कुठून मुरणार? इथल्या वाळूत शंभर भागांत पंचवीस-तीस भाग पाणी राहते, आपल्या मुरमात दोन-तीन. म्हणजे एक हेक्टर जमिनीखाली पातळी एक मीटर उतरली, तर इथे पंचवीस लाख लिटर पाणी मिळेल आणि आपल्याकडे दोन लाख. म्हणून आपल्या विहिरी दिवाळीत काठोकाठ आणि होळीला तळाशी. घागर लहान आहे, एवढेच. पडलेल्या पावसाचाही साधारण दहावा हिस्सा त्यात मुरतो, बाकी ओढ्याने जातो किंवा उन्हाने उडतो.

आपल्या पूर्वजांनी विहिरी ऐसपैस खणल्या त्याचे कारणही हेच. भेगांतून झरा बारीक, रात्रभर झिरपायचे, तेव्हा सकाळी उपसायला पाणी साठलेले असायचे. सहा इंचांच्या बोअरला साठायला जागा नसते. तो मोटरने लांबून, भेगाभेगांतून पाणी ओढतो, शेजारच्या आडाचेही. जितका खोल, तितकी ओढ लांबवर. पाचशे फुटांवर कधी एखादी भेग लागते आणि पाणी उसळते, नाही असे नाही. पण ते बहुधा वरूनच, वर्षानुवर्षांत हळूहळू उतरलेले असते. ते संपले की पुन्हा भरायला तितकीच वर्षे. शिवाय खडकात जुने झालेले पाणी दगडातले क्षार घेऊन येते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत कितीतरी बोअरच्या पाण्यात फ्लोराईड मर्यादेबाहेर आहे. पिवळे-तपकिरी दात, ताठ झालेल्या कमरा, वाकलेले पाय. त्यावर माझ्याकडे आजही औषध नाही.

भेगांचा दुसरा धोका डॉक्टर म्हणून मला जास्त सलतो. वाळू जंतूंना दोन महिने अडवते, भेग दोन दिवसही अडवत नाही. १९८६ चा पावसाळा. माझ्या केंद्राखालच्या एका वस्तीवर पहिला मोठा पाऊस झाला आणि तीन दिवसांत घरोघर जुलाब-उलट्या. वस्तीला एकच हातपंप, दीडशे फुटांचा. सगळे म्हणत, इतक्या खोलचे पाणी खराब कसे असेल? मीही तसेच धरून चालले आणि दोन दिवस हॉटेल, जत्रा, शिळे अन्न शोधत बसले. दोष त्या पंपाचाच होता. कट्ट्याला तडा गेला होता, शेजारी म्हशींचे डबके, आणि ते पाणी पाइपाच्या कडेने सरळ खाली उतरत होते. दोन लेकरे केंद्रात पोचायच्या आधीच गेली. तो तडा मी महिनाभर आधी पाहिला होता, भेटवहीत लिहिला होता, आणि सही करून पुढच्या गावी गेले होते.

याचा अर्थ हातपंप वाईट, बोअर वाईट असा कृपया घेऊ नका. ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांना मी काय सांगू! बायका-पुरुष बारवेच्या पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभे राहायचे, पायातल्या फोडातून नारूची पिल्ले पाण्यात जायची, आणि तेच पाणी प्यायल्याने वर्षभराने कुणाच्या तरी पायातून दीड-दोन हात लांब जंत बाहेर यायचा. काडीवर गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्यात हातपंपाचा मोठा वाटा आहे. आणि तो पंप कुठला? गावोगावी दिसतो त्या ‘इंडिया मार्क टू’ पंपाचे पूर्वज आपल्याच जालन्यात आणि सोलापुरात मिशनच्या लोकांनी घडवले. जालनेकरांनाही हे क्वचितच माहीत असते. हल्ली जुन्या बारवांचे फोटो फिरतात आणि ‘पुन्हा बारवेचे पाणी पिऊ या’ असे लोक लिहितात. बारव जरूर स्वच्छ करा, पण तिच्यात उतरून पाणी भरणे मला नको.

मग बोअरला माझा विरोध का? कारण त्या गावात भोक कमी पडलेले नाही. दीड हजार वस्ती, सरकारी मापाने माणशी रोज पंचावन्न लिटर, म्हणजे रोजचे सुमारे ब्याऐंशी हजार लिटर. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांचे ब्याऐंशी लाख. आणि एका एकर उसाला वर्षाला ऐंशी लाख ते एक कोटी लिटर पाणी लागते. सगळ्या गावाचा उन्हाळा आणि एका एकराचा ऊस, सारखेच. त्या पाणवठ्याच्या आसपास शेतीचे किती बोअर आहेत हे मी गावातल्या ओळखीच्या एका शिक्षकांना विचारले. त्यांनी मोजून सांगितले, अकरा. आपण बारावा घेणार आणि वरून देवाचे नाव देणार.

कायदा आहे, नाही असे नाही. पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्यापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही, असे महाराष्ट्राच्या १९९३ च्या कायद्यात म्हटले होते. पण गावात कोण कुणाविरुद्ध अर्ज करणार? आणि शेतकऱ्याला चोर ठरवायला मी उभी नाही. जालन्याची मोसंबी. २०१२-१३ च्या दुष्काळात पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागा जळाल्या, लोकांनी स्वतःच्या हाताने झाडे तोडून सरपणाला दिली. ज्याची बाग वाळते आहे तो आणखी शंभर फूट खाली जाणारच.

तरीही हे जमते. हिवरे बाजारात श्री. पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी ते करून दाखवले. तिथला पाऊस जालन्याहूनही कमी. पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, किती पडले, किती मुरले, आधी पिण्याचे बाजूला काढतात, उरेल त्यावर पिके ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही हे गावाने स्वतः ठरवले. यात यंत्र कमी, ठराव जास्त.

आणि मोजणे. ॲमस्टरडॅमच्या फुटपाथवर छोट्या लोखंडी टोप्या दिसतात, त्यांच्याखाली नळी असते, भूजलाची पातळी मोजायची. इथली जुनी घरे लाकडी खुंटांवर उभी आहेत. दाम चौकातला राजवाडा १३,६५९ खुंटांवर. पाण्यात बुडालेले लाकूड शेकडो वर्षे टिकते, पातळी उतरून त्याला हवा लागली की कुजते. म्हणून जमिनीखालचे पाणी किती खाली गेले याची इथे प्रत्येक घरमालकाला धास्ती. आपल्या गावात पातळी कुणालाच माहीत नसते. विहीर आटली की कळते, जसा पेशंट कोसळल्यावर नातेवाइकांना ताप कळतो.

तेव्हा विश्वस्तांपुढे माझी मागणी. जमलेला निधी बोअरला देऊ नये. देवळामागची जुनी विहीर, जिच्यात वीस वर्षांचा गाळ आणि निर्माल्य आहे (हो, निर्माल्यही, आपणच टाकलेले), ती उपसून, वरच्या दहा-पंधरा फुटांना पक्के बांधकाम आणि झाकण करावे, पाणी मोटरने टाकीत चढवावे आणि टाकीत टीसीएल रोज पडावे. सभामंडपाच्या पत्र्याचे पाणी वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडावे; पण पत्रा दोनशे चौरस मीटरचा आहे, वर्षाकाठी लाखभर लिटर मिळेल, म्हणजे गावाचा जेमतेम सव्वा दिवस. त्याचा फार गाजावाजा नको. ओढ्याच्या वरच्या अंगाचे दोन जुने बंधारे गाळाने भरले आहेत, ते मोकळे केले तर त्याहून कितीतरी जास्त मुरेल. गाळ शेतकरी स्वतः ओढून नेतील.

उरलेले पैसे पाणवठ्याजवळच्या बागांना ठिबक आणि आच्छादनासाठी द्यावेत. इथे काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील हे मला माहीत आहे. देवाच्या पैशातून खाजगी बागेला ठिबक? माझे उत्तर, हो, पण अटीवर. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत पाचशे मीटरच्या आतल्या शेतीच्या मोटरी ठरलेल्या तासांपलीकडे चालणार नाहीत, असा ग्रामसभेचा ठराव आधी हातात यावा. ठराव नाही, तर निधी नाही. वर्गणी देणाऱ्याला अशी अट घालताना संकोच वाटतो, मलाही वाटतो. २००४ साली मी घातली नाही.

विश्वस्त पुढच्या बैठकीत निर्णय घेणार आहेत. ज्यांनी बोअरच्या नावे वर्गणी दिली आहे आणि ज्यांना हा बदल मान्य नाही, त्यांनी कार्यालयात तसे कळवावे. पैसे परत मिळतील, असे खजिनदारांनी मला सांगितले आहे. मी माझे ठेवले आहेत.

कार्तिकात मी महिनाभर जालन्याला जाते आहे. त्या शिक्षकांच्या सातवीच्या वर्गाने विहिरीची पातळी दर सोमवारी मोजून फळ्यावर लिहायचे कबूल केले आहे. त्यासाठी पन्नास मीटरची टेप काल इथल्या बाजारातून घेतली, टोकाला बांधायला वजन तिकडेच मिळेल. कुणाला बघायची असेल तर माझ्या पिशवीत आहे. चला, प्रसाद घ्या.